मराठी फौजेचें वेतन व त्याचे कागद

ऐतिहासिक कागदांचा संग्रह करणाऱ्या आपल्या मंडळींत एक रूढि पडून गेली आहे. ज्या कागदावर शिक्का आहे, ज्यांत एखाद्या थोर पुरुषाचें नांव आहे, किंवा ज्यांत लढाईची हकीकत आहे, तो कागद आपण जिवापलीकडे जपतों. आणि ज्यांत घोडीं, माणसें, महिने व रुपये यांच्या नुसत्या रांगा आहेत तो 'हिशेबी' म्हणून बाजूस सारतों. सोलापुरांत भवानी पेठेंत आमच्या बिऱ्हाडापासून थोड्याच अंतरावर एका जुन्या घराण्याचा वाडा पाडावयाचें काम निघालें, तेव्हां माळ्यावरचे दोन रुमाल पाहून जावे असा आम्हांस निरोप आला. आम्ही पोंचेपर्यंत त्यांतील एक रुमाल रद्दींत गेला होता. राहिलेल्यांत कुळाचाराचीं टिपणें व दोन खासगी पत्रें एवढेंच होतें. "गेलेल्यांत कांहीं नव्हतें, गुरुजी, नुसतीं घोड्यांचीं नि माणसांचीं नांवें, आणि आकडे," असें घरच्या वडील बाईंनीं सांगितलें. हें ऐकून आम्हांस काय वाटलें असेल तें संग्राहकांस सांगावयास नको. परंतु त्या बाईंस दोष तरी कसा द्यावा? ते आकडे वाचावे कसे, हें आम्हां शाळामास्तरांनीं व संशोधकांनीं त्यांस कधीं सांगितलेंच नाहीं. ती उणीव अंशतः भरून निघावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) शब्दांचा विचार

प्रथम शब्द पाहूं. 'वेतन' आणि 'भृति' हे शब्द संस्कृत; पण मराठी राज्याच्या लष्करी हिशेबांत ते क्वचित् दिसतात. तेथें वावरणारे बहुतेक शब्द फारसी-अरबी वळणाचे आहेत. 'शिलेदार' म्हणजे मूळ 'सिलाहदार'. अरबींत 'सिलाह' म्हणजे शस्त्र. स्वतःचें घोडें व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. 'बारगीर' यांत 'बार' म्हणजे ओझें व 'गीर' म्हणजे घेणारा. व्यवहारांत मात्र सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वारास हें नांव पडलें. अशा सरकारी घोड्यांचा समूह ती 'पागा'. 'तैनात' म्हणजे नेमणूक, आणि नेमणुकीबरोबर ठरलेली रक्कमही. कोणास किती द्यावयाचें याचा जो तक्ता तो 'तैनात जाबता'. 'शिबंदी' हे किल्ल्यांच्या व महालांच्या बंदोबस्ताचे लोक. 'सरंजाम' म्हणजे मूळ अर्थानें सामग्री. पुढें फौज बाळगण्यासाठीं लावून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नास तोच शब्द रूढ झाला.

बारगीर व शिलेदार हा भेद नुसता नांवांचा नव्हे. बारगिराचें घोडें पडलें तर नुकसान सरकारचें. शिलेदाराचें पडलें तर त्याच्या संसाराचें. घोडें हेंच त्याचें भांडवल. म्हणून शिलेदाराचा दर बारगिरापेक्षां अधिक असे, आणि म्हणूनच घोड्याची किंमत आधींच नोंदवून ठेवण्याचा व तें लढाईंत ठार झाल्यास भरपाई करून देण्याचा शिरस्ता पडला. भरपाईचा भरंवसा नसला कीं शिलेदार गर्दींत घोडें घालण्यास कचरे. रणांगणावरील पुष्कळशा वर्तनाचें मूळ अशा रीतीनें हिशेबाच्या कागदांत सांपडतें.

(२) जुनें शास्त्र

कौटिल्याचें अर्थशास्त्र इ. स. १९०९ मध्यें म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून या विषयाची आपल्याकडील प्राचीन बाजू उजेडांत आली. त्यांतील भृत्यभरणाच्या प्रकरणांत सेनापतीस ४८,००० पण, नायकास १२,००० पण, व शिकलेल्या पायदळ शिपायास ५०० पण असा तक्ता आहे. राज्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा भृत्यांवर खर्चावा, कामांत असतां मेलेल्यांच्या मुलाबायकांस अन्नवेतन द्यावें, खजिन्यांत नाणें कमी असल्यास अन्य वस्तु व थोडें नाणें देऊन वेळ निभवावी, असेंही तेथें सांगितलें आहे.

याहून मार्मिक विचार सैन्याच्या संकटांच्या प्रकरणांत आहे. वेतन न मिळालेलें सैन्य आणि रोगी सैन्य यांत अधिक वाईट कोणतें, असा प्रश्न घेऊन कौटिल्य सांगतो कीं, वेतन न मिळालेलें सैन्य तेथल्या तेथें वेतन हातीं पडल्यास लढेल. रोगी सैन्य लढूं शकणार नाहीं. म्हणजे थकलेला पगार ही बरी होणारी व्याधि आहे, पण औषध वेळेवर मिळालें तर. पुढील सर्व इतिहास या एका वचनाचें भाष्य म्हणून वाचतां येतो.

(३) शिवकालीन व्यवस्था

कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या वेळीं जिंजीस लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या फौजेची घडी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पांच हजाऱ्यांवर पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागें एक पखाली व एक नालबंद. जुमलेदारास सालीना ५०० होन, हजारीस १,००० होन, पंचहजारीस २,००० होन. पायदळांत हेच दर उतरतात : जुमलेदारास १०० होन, हजारीस ५०० होन. प्रत्येक अधिकाऱ्याजवळ मजमूदार किंवा सबनीस हा हिशेबाचा कामगार सरकारांतून नेमलेला असे. शिलेदारांसही पागेच्या हुकमतीखालीं ठेवलेलें होतें.

येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, वेतनासाठीं मुलूख तोडून द्यावयाचा नाहीं. शिपायाची शेतजमीन असेल तर तिचा सारा त्याच्या वेतनांत वजा घालावयाचा, आणि बाकी रकमेची वरात हुजुरावर किंवा महालावर द्यावयाची. त्यामुळें रयतेकडून वसूल घेणारा एक व शिपायाचा मालक दुसरा, अशी द्विधा स्थिति उत्पन्न होत नसे. दुसरी गोष्ट, वेतनाचें वर्ष आणि मोहिमेचें वर्ष एक. पावसाळ्यांत छावणी, दसऱ्यास कूच, आठ महिने परमुलखांत. निघतांना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची याद व्हावयाची. परत आल्यावर झडती होऊन अधिक सांपडलेला ऐवज वेतनांत वळता करून हिशेब पुरा व्हावयाचा.

अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमी लोकांस जखम पाहून दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले, पडलेल्यांच्या मुलांस चालविलें, आणि ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें, असें सभासद सांगतो. कौटिल्याचा ग्रंथ त्या वेळीं कोणाच्या हातीं होता असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु मेलेल्या शिपायाचें घर हें राज्यावरील ऋण आहे, हा विचार दोन्हीकडे एकच निघतो. पेशवाईच्या कागदांत 'बालपरवेशी' व 'नानपरवेशी' हे जे शब्द येतात ते याच परंपरेचे. पहिल्यांत मुलांचें संगोपन, दुसऱ्यांत 'नान' म्हणजे भाकरी.

चिपळुणाजवळील छावणीच्या लोकांस महाराजांनीं लिहिलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. दाणागोटा व वैरण आतांच उधळाल तर पावसाळ्यांत रयतेस उपद्रव द्याल, तो देऊं नये; लागेल तें बाजारांतून विकत आणावें, हा त्याचा आशय. हें पत्र नीतीचें म्हणून वाचलें जातें, व तें तसें आहेच; पण विकत आणण्यास शिपायाच्या गांठीं पैसा हवा, आणि तो सरकारांतून पोंचलेला आहे, हें त्यांतील गृहीत धरलेलें प्रमेय विसरूं नये.

(४) मोकासा व सरंजाम

इ. स. १६८९ त संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला व राजाराम महाराज जिंजीस गेले. खजिना नाहीं, मुलूख शत्रूच्या हातीं, आणि फौज तर हवी. अशा स्थितींत जिंकाल तो मुलूख खा, असें सरदारांस म्हणण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत सेवकांस वेतनाऐवजीं वृत्ति व भूमि देण्याविरुद्ध जो उपदेश आहे, तो हा अनुभव गांठीं बांधून लिहिलेला दिसतो.

इ. स. १७१९ च्या सनदांनीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मिळाली. चौथाई फुकट मिळाली नव्हती. तिच्या बदल्यांत शाहू महाराजांनीं पंधरा हजार फौज बादशाहाच्या चाकरीस ठेवावी असा करार होता. म्हणजे चौथाई हेंच मुळीं एका फौजेचें वेतन. तिची वांटणी कागदांत पुनःपुन्हा येते, म्हणून येथें देतों. चौथाईच्या शेंकडा २५ ती राजबाबती. शेंकडा ६ साहोत्रा, तो पंतसचिवाकडे. शेंकडा ३ नाडगौडा. आणि उरलेले ६६ तो ऐन मोकासा, सरदारांनीं फौज बाळगण्यासाठीं. सोलापूर, बार्शी, माढें या बाजूच्या जुन्या गांवांच्या कागदांत बाबती, साहोत्रा, मोकासा अशीं कलमें वेगवेगळीं दिसलीं तर एकाच गांवाचे इतके धनी कसे, असें वाटून घोंटाळूं नये. हे एकाच चौथाईचे अंश आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठा अंश शिपायाच्या भाकरीचा आहे.

मोकाशाप्रमाणेंच सरंजामाचेंही. त्याचे दोन भाग पडतात : 'जात सरंजाम' हा सरदाराच्या स्वतःच्या चरितार्थाचा, व 'फौज सरंजाम' हा अमुक इतके स्वार हजर ठेवण्याचा. करार कागदावर निर्मळ असे. परंतु सरदारास मुलूख कायमचा मिळालेला व स्वार मात्र दरसाल मोजून द्यावयाचे. तेव्हां मुलखावर लोभ व मोजणीचा कंटाळा हें ओघानेंच आलें.

(५) वेतन कसें मिळे

पेशवाईंतील शिपायाच्या हातीं पैसा कोणत्या टप्प्यांनीं येई हें समजलें कीं कागद आपोआप ओळखूं येतात.

मोहिमेच्या आरंभीं शिलेदारास घोडें सिद्ध करण्यासाठीं जी उचल मिळे ती 'नालबंदी'. मोहीम चालूं असतां पोटापुरती मिळणारी रक्कम तो 'रोजमुरा'. सालअखेर ठरलेल्या तैनातींतून नालबंदी, रोजमुरा, सरकारांतून घेतलेलें कापड, धान्य इत्यादि वजा होऊन जी बाकी राही ती शिपायाचें खरें येणें. कित्येक करारांत वर्ष बारा महिन्यांचें, पण वेतन दहा किंवा अकरा महिन्यांचें असे. तेव्हां दरमहा दरास बारांनीं गुणून बेरीज जुळत नाहीं म्हणून लेखकास चुकीचा ठरवूं नये.

हें सर्व अवलंबून हजिरीवर. 'गणती' म्हणजे माणसें व घोडीं यांची प्रत्यक्ष मोजणी. दिल्लीचे सुलतान अल्लाउद्दीन खिलजी यांच्यापासून अकबरापर्यंत घोड्यास डाग देणें व स्वाराचें वर्णन लिहून ठेवणें ही युक्ति चालत आली. आपल्या कागदांतही घोड्याचा रंग, खुणा व किंमत लिहिलेली आढळते ती त्याच कारणानें. करारापेक्षां कमी घोडीं बाळगून गणतीच्या दिवसापुरतीं उसनीं आणून उभीं करावयाचीं, हा रोग सर्व देशांतील अशा व्यवस्थेस जडलेला आहे. म्हणून हजिरीपटांतील आकडा व तैनात जाबत्यांतील आकडा यांतील अंतर हें सरदाराच्या प्रामाणिकपणाचें माप होय. तें माप काढण्यास दोन्ही कागद लागतात. एक रद्दींत गेला कीं दुसरा मुका होतो.

तारखांविषयीं एक सूचना. या कागदांत साल बहुधा सुहूर असतें. तें मृगाच्या सुमारास म्हणजे जूनच्या आरंभीं बदलतें, व अरबी शब्दांत एकं, दहं, शतं, सहस्र या क्रमानें लिहिलेलें असतें. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. त्यांत जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढें ६०० मिळवावे. पानिपतचें युद्ध ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें, तें याच ११६१ त. महिना मात्र चंद्राचा, 'छ' या अक्षरानें दाखविलेला. साल सूर्याचें आणि महिने चंद्राचे. बारा चांद्र महिने वर्षास अकरा दिवसांनीं कमी पडतात. शिपायाचा महिना कोणता धरला आहे हें पाहिल्यावांचून हिशेब तपासूं नये.

(६) थकबाकी

आतां या विषयाच्या दुःखद भागाकडे वळूं. मोहिमेचा खर्च आधीं, वसूल मागाहून. मधलें अंतर सावकार भरून काढी. थोरल्या बाजीरावांनीं ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांतून कर्जाची चिंता पुनःपुन्हा प्रकट होते. इ. स. १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेब पेशव्यांनीं सुमारें दीड कोट रुपये कर्ज काढलें व त्यास शेंकडा १२ ते १८ व्याज पडलें, असें न्यायमूर्ति रानडे यांनीं दाखविलें आहे.

यांत भर पडली ती कवायती पायदळाची. घोडेस्वार पावसाळ्यांत घरीं जाई व शेत पाही. गारदी बारमाही चाकर, आणि त्यास दरमहा रोख हवा. इब्राहिमखान गारदी यानें उदगीरच्या मोहिमेंत या पायदळाचें मोल दाखवून दिलें. परंतु भाऊसाहेब उत्तरेस गेल्यावर वसूल येईना. ऑगस्ट १७६० त दिल्ली हातीं आली, तेव्हां दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत काढून नाणें पाडावें लागलें; तें फौजेस महिनाभरही जेमतेम पुरलें. रसद व पैसा जमविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. काशीराज पंडित सांगतो कीं, युद्धाच्या दिवशीं इब्राहिमखान भाऊसाहेबांपाशीं आला व म्हणाला : माझ्या लोकांच्या दरमहाच्या पगाराविषयीं मी आग्रह धरीत असें म्हणून आपण माझ्यावर नाराज होतां, या महिन्याचा पगार आम्हांस पोंचला नाहीं, तरी त्याची पर्वा नाहीं, आज तो आग्रह कां होता हें दाखवितों. त्या दिवशीं त्याचे लोक लढले, व बहुतेक तेथेंच पडले. तो स्वतः घायाळ स्थितींत सांपडून मारला गेला. कौटिल्यानें न मिळालेल्या वेतनाची गणती सैन्याच्या संकटांत केली. त्यावरही मात करणारें कांहीं मनुष्यांत असतें, हें या प्रसंगानें शिकविलें. पण राज्य त्याच्या भरंवशावर चालवूं नये, हेंही त्यानेंच शिकविलें.

कारण त्याच्या उलट बाजूही आहे. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसफ यांचे गारदी वाड्यांत शिरले ते थकलेल्या पगाराचा ओरडा करीत. मसलत निराळी होती, हें सर्वश्रुत आहे. परंतु पगाराचा ओरडा हें निमित्त म्हणून चालण्याजोगें होतें, कारण तो रोजचाच होता. सरदारास किंवा धन्यास तंबूंत अडवून बाकी चुकेपर्यंत अन्नपाणी घेऊं न देणें, याचें नांव 'धरणें'. आणि तें जवळजवळ मान्य रूढीसारखें झालें होतें.

(७) सोलापूर, इ. स. १८१८

शेवटचा अंक आमच्या गांवांत झाला, तो थोडक्यांत सांगतों. ता. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें पेशव्यांनीं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली व तिच्या वेतनास सव्वीस लाखांचा मुलूख लावून दिला. जून १८१७ च्या पुणें येथील तहानें आणखी पांच हजार स्वार व तीन हजार पायदळ यांच्या खर्चास चौतीस लाखांचें उत्पन्न द्यावें लागलें. फौज इंग्रजांची, हुकूम इंग्रजांचा, वेतन पेशव्यांचें. मोकाशाची जुनी युक्ति परकीयांनीं उलटी फिरविली ती अशी.

पुढील वर्षीं थॉमस मन्रो दक्षिणेकडून आला. त्याजजवळ कवायती फौज अल्प होती. त्यानें धारवाडच्या बाजूस गांवोगांवचे प्यादे चाकरीस ठेवले आणि त्यांचा पगार त्याच प्रांतांच्या वसुलांतून दिला. पेशव्यांच्याच रयतेच्या साऱ्यावर पेशव्यांविरुद्ध फौज पोसली गेली. बाजीरावांनीं आपलें पायदळ व तोफा गणपतराव पानसे यांच्या हाताखालीं सोलापूरच्या किल्ल्यापाशीं ठेविल्या होत्या. त्यांत अरब पुष्कळ होते. ता. १० मे १८१८ रोजीं पेठेवर हल्ला झाला व ता. १५ रोजीं किल्ला खालीं झाला.

ता. ३ जूनला बाजीरावांनीं माल्कमच्या स्वाधीन होऊन सालीना आठ लाखांची नेमणूक पत्करली. परंतु हिशेब तेथेंही संपला नव्हता. थोड्याच दिवसांत बरोबरच्या अरबांनीं त्यांच्या डेऱ्यास गराडा घालून थकलेला पगार मागितला. वाद काय होता तो पाहा. त्रिंबकजी डेंगळ्यानें आपणांस ज्या दिवशीं चाकरीस ठेविलें त्या दिवसापासून वेतन द्या, असें अरबांचें म्हणणें. आपल्या लष्करांत दाखल झाल्यापासूनचें देऊं, असें बाजीरावांचें. अखेर माल्कमनें मध्यें पडून तें मिटविलें. पेशवाईचा शेवटचा तंटा राज्याचा नव्हता, मुलखाचा नव्हता. हजिरीची तारीख कोणती धरावी, एवढ्यापुरता होता.

शिलेदारी पद्धति मात्र राज्याबरोबर बुडाली नाहीं. इंग्रजांच्या हिंदी घोडदळांत स्वारानें आपलें घोडें व सामान स्वतः आणावें, व त्या मानानें अधिक पगार घ्यावा, हा प्रकार पहिल्या महायुद्धापर्यंत चालूं होता. आणि त्याचें नांवही आपलेंच, जरा बिघडलेलें, होतें.

(८) संग्राहकांस विनंति

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. सरकारी दप्तराचे रुमाल पुण्यास आहेत, रा. ब. गोविंदराव सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं इ. स. १९३० पासून १९३४ पर्यंत पेशवे दप्तराचे निवडक ४५ भाग छापले गेले, डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनीं इ. स. १९२८ त मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवर ग्रंथ लिहिला. पण सरकारी दप्तरांत सरकारची बाजू असते. सरदाराच्या, शिलेदाराच्या, सावकाराच्या घरीं राहिलेली प्रत ही दुसरी बाजू. आणि ती आमच्यासारख्या गांवांतील माळ्यांवर आहे. तेव्हां असे कागद हातीं आल्यास चार गोष्टी कराव्या. रुमालांतील कागदांचा क्रम मोडूं नये, कारण जाबता, हजिरी व बाकीची याद हे एकमेकांचे साक्षीदार आहेत. 'बितपशील' या शब्दाखालील रकाने जसेच्या तसे उतरून घ्यावे, नुसती बेरीज घेऊं नये. घोड्यांच्या खुणा व किंमती गाळूं नयेत. आणि जेथें 'वजा' किंवा 'बाकी' लिहिली असेल तेथें ती बाकी पुढें फिटली कीं नाहीं, हें शोधावें.

बखरींत मोठ्या माणसांचीं नांवें राहतात. भाकरीसाठीं घोडें घेऊन गेलेल्या साध्या शिलेदाराचें नांव राहतें तें एकाच ठिकाणीं, हजिरीच्या पटावर. त्याचें, त्याच्या घोड्याचें, आणि राज्य त्याचें किती देणें लागत होतें त्या रकमेचें. भवानी पेठेंतील तो रुमाल गेला, तेव्हां अशीं किती नांवें गेलीं हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. ज्यांच्या घरीं असे कागद अद्याप आहेत, त्यांनीं ते टाकण्यापूर्वीं जवळच्या एखाद्या मोडी जाणणाऱ्यास एकवार दाखवावे, एवढीच प्रार्थना.